पाकिटावर सही करणारा बाबू

शहरातली मिल बंद पडल्यावर तिथले डाक-बाबू माझ्या जुन्या कॉलेजचा मेल सर्व्हर सांभाळू लागले होते. माझ्या मुलाखतीचा ईमेल कॉलेजच्या पत्त्यावर आला, पण तिथून माझ्या खासगी पत्त्यावर येताना तिथल्या सर्व्हरनं तो ‘पाठवणारा खोटा’ म्हणून नाकारला. कंपनीचा फोन आला तेव्हा कळलं. कॉलेज गाठलं, तर प्राचार्यांनी मला हॅकर्सवर भाषण दिलं. बाबूंनी शर्टानं चष्मा पुसला.

“भिया, पत्र कंपनीचं, पण नेतोय आपण. पाकिटावर नाव कंपनीचंच, तर पलीकडच्या सर्व्हरचा चौकीदार शक करणारच ना! मिलमध्ये पुढे पाठवायच्या प्रत्येक पाकिटावर माझी सही असायची.”

सर्व्हरलाही त्यांनी तेच शिकवलं: पाकिटावर कॉलेजचं नाव, आतलं पत्र जसंच्या तसं. कंपनीनं पुन्हा पाठवलेला ईमेल मला मिळाला. मुलाखत उद्याच होती.

“पण आपलं नाव घातलंत! काही गडबड झाली तर?” प्राचार्य घाबरले.

“तर मी आहे ना सरजी,” म्हणत बाबूंनी चहा मागवला.