पास झालेली डिस्क

घरी सर्व्हर म्हणून ठेवलेल्या लिनक्स कॉम्प्युटरवर डिस्कची तब्येत सांगणारा प्रोग्राम आज एकदाचा चालू झाला. पडद्यावर उत्तर आलं: पास. त्याच्याच खाली डिस्कवरच्या खराब जागांचा आकडा, आणि पुन्हा पुन्हा तपासलं तर तो दर वेळी वाढतोय. हे कसलं पास? नळ कोरडा आणि योजना पूर्ण, तसलं! वस्तीतल्या बायकांनी पाण्यासाठी दिलेल्या साक्षींचे व्हिडिओ फक्त याच डिस्कवर आहेत.

"अरे, शेजारचे तात्याही असेच 'बरं आहे, बरं आहे' म्हणता म्हणता एक दिवस गेले," आई म्हणाली.

पाण्याच्या मोर्चात मी लगेच अधिकाऱ्यांकडे बोट दाखवतो. इथे चिडू कुणावर? डिस्कनं तर काहीच लपवलं नव्हतं. दुसरी डिस्क जोडून साक्षी तिच्यावर उतरवायला लावल्या. तेवढ्यात आई खोकली, सकाळपासून कितव्यांदा तरी.

"खोकला कसा आहे गं तुझा?"

"बरं आहे."