काळा पडलेला ईसीजी

तुमच्या आईच्या छातीत आत्ता कळ आली, तर तिच्या हृदयाबद्दल डॉक्टरांना आजवर जे कळलं आहे ते नेमकं कुठे ठेवलेलं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला ठाऊक होतं. ते माझ्या कपाटात होतं, पुस्तकांच्या मागे. मीच लपवलं होतं.

आम्ही विरारला, मनवेलपाड्यात राहायचो. बाबा मुंबईत एका छापखान्यात होते आणि कामगारांच्या मंडळाची पत्रकं लिहायचे. मला अक्षरओळख झाली ती पत्रकांच्या प्रुफांवरून. 'निषेध' हा शब्द मी 'निळा'च्या आधी वाचायला शिकले, असं आई चिडवायची. आई ब्लाउज शिवायची. तिच्या हाताची कीर्ती अशी, की पलीकडच्या नंदाखालहूनसुद्धा बायका कापड घेऊन यायच्या आणि "बाही तुमच्याच मनाने कापा" म्हणून निर्धास्त परत जायच्या.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. आईला जिना चढताना धाप लागायला लागली. गल्लीतल्या डॉक्टरांनी स्टेशनजवळच्या केंद्रातून ईसीजी आणायला सांगितला, आणखी दोन-तीन तपासण्या करून घेतल्या. मग तो गुळगुळीत, चौकटीचौकटींचा कागद आमच्यापुढे धरून म्हणाले, "वहिनी, धाप लागते ती रक्त कमी आहे म्हणून. गोळ्या देतो. पण हे बघा. हृदयाच्या डाव्या बाजूला विजेचा निरोप जरा उशिरा पोचतो. तुमचं हृदय आहेच तसं, घाबरायचं कारण नाही. फक्त हा कागद जपा. नवखा डॉक्टर ही रेघ पहिल्यांदा बघेल तर त्याला वाटेल, आत्ताच झटका आलाय."

जपायचं काम मी घेतलं. त्या वर्षी मी सह्या गोळा करत फिरत होते. एका ट्रस्टचं रुग्णालय आमच्याकडे होणार होतं, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांशी कॉम्प्युटरने जोडलेलं. ते काम रखडलं होतं. 'विरारच्या माणसाने हृदय दाखवायला मुंबई का गाठावी?' हे माझ्या पत्रकाचं शीर्षक. नारळ फुटला, फीत कापली गेली, तेव्हा मला वाटलं, आपण जिंकलो. ईसीजी यंत्रावर निघणार, पडद्यावरून मुंबईला जाणार, दोन मिनिटांत सल्ला येणार. तो कुठल्या जुन्या ईसीजीशी ताडून बघणार, हे विचारायचं मला सुचलं नाही. सह्या करणाऱ्या कुणालाच सुचलं नाही.

आमच्या घरी मोलाचा कागद लॅमिनेट करायची रीत होती. रेशनकार्ड, दहावीची मार्कशीट, बाबांचं युनियनचं कार्ड, सगळं प्लास्टिकच्या कातडीत. मी ईसीजी घेऊन दुकानात गेले.

"कसला कागद, ताई?"

"हॉस्पिटलचा. जन्मभर टिकला पाहिजे."

"मग जाड प्लास्टिक घालतो. नातवंडांना दाखवाल."

कागद तापलेल्या रुळांत शिरला आणि पलीकडून काळा बाहेर आला. पूर्ण काळा, तव्यासारखा. दुकानदाराने तो उलटासुलटा केला. "माझ्या मशीनकडे बघू नका हां. इतकी वर्षं करतोय, कधी असं झालं नाही. तुमचा कागदच असला!" तो कागद उष्णतेवर छापला जातो, उष्णतेनेच जातो, हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तो देणाऱ्या केंद्राने आणि जपायला सांगणाऱ्या डॉक्टरांनी ते सांगितलंही नव्हतं.

घरी बाबांनी विचारलं, "झालं का गं?" मी म्हटलं, "झालं." हे खोटं नव्हतं, असं मी मनाशी म्हणाले. शहरभर लोकांना जाब विचारत फिरणारी मी, घरात एवढं सांगू शकले नाही. पुढच्या महिन्यात आईला नेऊन नवा काढू, असं ठरवलं. पुढचा महिना आला, त्याच्या पुढचाही.

मग एका गुरुवारी सकाळी आई मशीनवरून उठली ती छाती धरूनच. निघताना बाबा म्हणाले, "तो ईसीजी घे." मी घेतला. दुसरं काय करणार होते? रिक्षाने आम्ही त्याच नव्या रुग्णालयात गेलो. यंत्र होतं, पडदा होता, तरुण डॉक्टर होता, तत्परता होती. ईसीजी निघाला, मुंबईला गेला. स्पीकरवरून तिकडच्या डॉक्टरांचा आवाज आला, "ओल्ड ईसीजी है क्या? कंपेअर करना पडेगा."

"आहे!" बाबा केवढ्या अभिमानाने म्हणाले. "आमच्या मुलीने लॅमिनेट करून ठेवलाय."

मी पिशवीतून तो काढला. तरुण डॉक्टर बघतच राहिला. "काका, हे काय आहे?" बाबा माझ्याकडे बघत होते. मी भराभर बोलायला लागले, की आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय, ही रेघ जुनीच आहे. तो म्हणाला, "ताई, तुमच्या शब्दावर मी थांबू शकत नाही. रेघ नवी असेल तर एकेक मिनिट महाग आहे."

गल्लीतल्या डॉक्टरांचा दवाखाना गुरुवारी बंद, ते स्वतः बाहेरगावी. शेजाऱ्यांनी कंपाउंडरला घरून उठवून आणलं, त्याने कार्ड शोधून फोनवर वाचलं: 'ईसीजी पाहिला. रक्त कमी.' इतकंच. ईसीजी काढणाऱ्या केंद्रातली बाई म्हणाली, "आम्ही कॉपी ठेवत नाही. पेशंटला देतो ना ओरिजिनल." वेळ संपली. बाबांनी सही केली आणि आईला रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन दिलं.

तिच्या हृदयात गाठ नव्हतीच. दुखणं पित्ताच्या खड्यांचं होतं, ते दोन दिवसांनी कळलं. तोवर इंजेक्शनमुळे मेंदूत थोडा रक्तस्राव होऊन गेला होता. आई वाचली. बोलते, चालते. उजव्या हाताची बोटं मात्र सुई धरत नाहीत.

मी तिला सगळं सांगितलं तेव्हा तिने आरडाओरडा केला नाही. डाव्या हाताने उजवा हात मांडीवर घेतला आणि म्हणाली, "कागद काळा झाला त्या दिवशी सांगितलं असतंस तर आपण दुसरा काढला असता की गं." थोड्या वेळाने म्हणाली, "लोकांना बरं सांगता येतं तुला सगळं."

मी पत्रक लिहायला बसले. रुग्णालय, केंद्र, डॉक्टर, कुणालाही सोडलं नाही. यंत्राला यंत्र जोडलंत, पण माणसाचा कालचा कागद उद्याच्या डॉक्टरपर्यंत नेणारा कुणी नेमलात का, असं विचारलं. बाबांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "खरं आहे. पण लॅमिनेशन कुठे आहे यात?"

"बाबा, ती माझी चूक आहे. व्यवस्थेची नाही."

"एका पोरीच्या एका चुकीने जी कोलमडते तिला व्यवस्था म्हणतात का? ती चूक घाल. नाहीतर हे छापायला मी देणार नाही."

म्हणून ती इथे आहे, सगळी. माझा वाटा मी कमी करत नाही. पण केंद्राच्या टेबलावर एक प्रत असती, कार्डावर आणखी एक ओळ असती, तर माझा खोटेपणा घरातल्या घरात राहिला असता, आईच्या हातापर्यंत गेला नसता.

आता तुमच्याकडे मागणं आहे. घरातला ईसीजी शोधा आणि आजच त्याची साधी झेरॉक्स काढा, त्यावर तारीख लिहा. एक प्रत घरी ठेवा. दुसरी घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि ते ती तुमच्या कार्डाला टाचेपर्यंत तिथून उठू नका. जागा नाही म्हणाले, तर ते उत्तर नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाला पोस्टकार्डावर कळवा, खाली स्वतःची सही करून.