मावसाजींचं कोरडं पीट मॉस

वस्तू नुसती वरून पाहून विकत घेणारा माणूस महामूर्ख असतो आणि अशा मूर्खांनीच हे जग भरलेलं आहे, यावर आमच्या मावसाजींची अढळ श्रद्धा आहे. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. अकोटच्या एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात त्यांनी उभा जन्म घालवला. गाडी आली की वरचा पांढराशुभ्र थर बाजूला सारायचा, कोपरापर्यंत हात आत खुपसायचा आणि पोटातला कापूस मूठभर ओढून काढायचा, कारण ओला माल कोणी वर ठेवत नाही. निवृत्तीनंतर ते अकोल्याला फ्लॅटमध्ये राहायला आले, पण त्यांचा तो हात काही निवृत्त झाला नाही. वाण्याच्या दुकानात तो गव्हाच्या पोत्यात जातो, बाजारात मेथीच्या ढिगात जातो. एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या गादीची शिवण उसवून आत दोन बोटं घातली आणि मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, "गादीत किडका कापूस भरला हाय. तुमच्या जावयाची पाठ दुखन." ते गृहस्थ अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

मागच्या वर्षी मावशीला अर्धांगाचा झटका आला. ती सावरली, पण उजव्या हातातली शक्ती गेली. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो तिने पहिल्याच दिवशी दिवाणाखाली भिरकावला. "मी का लेकरू हावो, चेंडू खेयाले?" असं म्हणून ती जी गॅलरीत जाऊन बसली ती बसलीच. गॅलरीत तिच्या कुंड्या होत्या. त्यांत दर्यापूरकडच्या शेतातली काळी माती, म्हणजे पाणी घातलं की चिखल आणि वाळली की दगड. ती खुरप्याने मोकळी करायची तर हात धड हवा. कुंड्यांकडे नुसतं बघत बसलेली मावशी मावसाजींना पाहवेना. कोणीतरी त्यांना सांगितलं की मातीत शेणखत आणि पीट मॉस मिसळा, कुंडी भुसभुशीत राहते, बोटानेसुद्धा उकरता येते. पीट मॉस म्हणजे थंड देशांतल्या दलदलीत वर्षानुवर्षं मुरलेलं शेवाळ, आपल्याकडे तपकिरी भुशासारखं पिशवीत मिळतं. झालं, मावसाजींच्या हाताला पुन्हा नोकरी लागली.

अकोल्यातल्या सगळ्या नर्सऱ्या मी त्यांना स्कूटरवरून फिरवून आणल्या. प्रत्येक ठिकाणी पिशवी फोडायला लावायची, हात तळापर्यंत घालायचा, मूठ आवळायची, वास घ्यायचा, धागा ओढून लांबी पाहायची आणि तोंड वाकडं करायचं. सगळीकडे एकच खोट निघाली. माल ओलसर. "मॉस कुठी हाय बाप्पा, हे तं पानी इकून राहिले," असा निकाल देऊन ते स्कूटरवर येऊन बसत. शेवटी आम्ही बसने अमरावतीला गेलो. तिथल्या एका नर्सरीत मूठ उघडल्याबरोबर भुरभुर उडून जाईल असा खडखडीत कोरडा माल सापडला. नर्सरीवाला म्हणाला, "काका, हा लय दिवसाचा पडेल हाय, ओलसर घ्या." मावसाजींनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. माल विकणारा स्वतःच नको म्हणतो, म्हणजे चांगला माल दुसऱ्यासाठी राखून ठेवला आहे, हे त्यांना बाजाराने शिकवलेलं.

घरी येऊन त्यांनी मिश्रण केलं, मिरचीची रोपं लावली, पाणी घातलं. पाणी वरून गेलं आणि तळाच्या भोकातून जसंच्या तसं बाहेर आलं. आत बोट घातलं तर कोरडं. खूप वाळलेलं पीट मॉस पाणी पीतच नाही, हे कापसाच्या धंद्यात कोणाला ठाऊक असणार? दुसऱ्या दिवशी रोपांनी माना टाकल्या. मावसाजी पाटावर बसून भाताची शितं चिवडत होते. त्यांचा तो चेहरा पाहून मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

मावशी गॅलरीतून म्हणाली, "अवो, कोमट पानी आना. कोरडी कनिक अशीच भिजते का?" आणि तिने कणकेची जुनी परात मागवली. डाव्या हाताने पाणी शिंपडत तिने कुंड्यांतलं ते कोरडं मिश्रण त्यात मळायला सुरुवात केली. एका हाताने मळणं तिला जमेना, म्हणून सवयीने उजवाही आला. चेंडूवर जी बोटं मिटायला तयार नव्हती ती त्या गरम तपकिरी लगद्यात हळूहळू मिटली, पुन्हा उघडली. मावशीचं लक्ष मिरचीच्या रोपांकडे होतं. मावसाजींचं लक्ष फक्त त्या बोटांकडे होतं. हातात तांब्या घेऊन ते दारातच उभे राहिले.

त्यानंतर आमच्या अमरावतीच्या वाऱ्या सुरू झाल्या. नर्सरीवाला दर वेळी ओलसर पिशवी पुढे करतो, मावसाजी कोपरापर्यंत हात घालतात आणि नाक मुरडून कोरडी उचलतात. मिरच्या लागल्या, मोगरा फुलला, कुंड्यांना गॅलरी पुरेना, तरी परात रोज भरते आणि उरलेलं मिश्रण शेजाऱ्यांच्या गळ्यात पडतं. एकदा बसमध्ये मी वैतागून म्हणालो, "मावसाजी, ओलंच चांगलं असतं, आता तर तुम्हालाही कळलंय." ते पिशवी मांडीवर नीट ठेवत म्हणाले, "कळलं हाय मले. पन ओलंच नेलं, तं तुही मावशी त्याच्यात हात कायले घालन?"

मी ती पिशवी माझ्या मांडीवर घेतली.

परवा गेलो तेव्हा परात धुऊन ठेवली होती आणि दोघं गॅलरीत बसले होते. मावसाजींनी आपली दोन बोटं पुढे केली, मावशीने ती उजव्या हाताने धरून दाबली. फारसा जोर नव्हता, लांबूनही दिसत होतं. लाटणं अजून त्या हातात ठरत नाही. मावसाजी क्षणभर डोळे मिटून बसले, कापूस पाहताना बसत तसेच, आणि म्हणाले, "कालच्यापरीस बरा हाय."

"खोटं बोलून राहिले तुमी," मावशी म्हणाली. जन्मात कोणाच्या मालाला पायरीभर जास्त प्रत न देणाऱ्या मावसाजींनी आपली बोटं तशीच तिच्या हातात राहू दिली. तिनेही त्यांची बोटं सोडली नाहीत.