पोट उघडं असताना

माझ्या धाकट्या बहिणीचं तिसरं सिझेरियन परळच्या म्युनिसिपल हॉस्पिटलात व्हायचं होतं. त्याच वेळी मुलं बंद करण्याचं ऑपरेशनही उरकायचं, हे तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पक्कं केलं होतं. आधीच्या टाक्यांची जागा इतकी विरली होती की चौथ्या खेपेला गर्भपिशवी फाटून जिवावर बेतेल, असं त्यांनी स्पष्टच सांगितलेलं.

पण महिनाभर आधीच कळा सुरू झाल्या, रक्त जायला लागलं, आणि माझगावात तिच्या घराला सगळ्यात जवळ होतं ते मिशनचं हॉस्पिटल. तिथे तिला लगेच आत घेतलं. खोटं कशाला बोलू, इतक्या मायेने आमच्याशी कुठल्याच हॉस्पिटलात कुणी वागलं नव्हतं.

बाळाचं रडणं ऐकलं तशी मी थिएटरच्या दाराशी गेले. मोठ्या सिस्टर बाहेर आल्या.

"सिस्टर, ते बंद करायचं ऑपरेशनपण करून टाका ना. पोट उघडंच आहे."

"आमच्याकडे ते होत नाही, बाई. देवाच्या कामात आम्ही हात घालत नाही."

मग सिझेरियन कुणाचं काम होतं? ओठांवर आलेलं गिळलं. बहीण आत त्यांच्या हवाली होती, भांडणार कशी? मी हात जोडले. त्यांनी ते आपल्या हातांत घेतले, "मी प्रार्थना करीन तिच्यासाठी," म्हणाल्या आणि आत गेल्या. खरंच करत असतील. त्याचाच मला जास्त राग येतो.

फक्त कमरेखालचं बधिर केलेलं असल्यामुळे बहीण जागी होती. तीही टेबलावरून तेच विनवत होती, हे तिने मला नंतर सांगितलं. डॉक्टर मान खाली घालून टाके घालत राहिले.

पुढे त्या ऑपरेशनसाठी आम्ही परळला गेलो. रक्त कमी आहे, वाढवून या, म्हणाले. दुसऱ्यांदाही तेच. तोवर दिवस राहू नयेत म्हणून तांबी बसवली, ती तिला सोसली नाही. सासू म्हणते, "कित्याक गो परत कापून घेतंस?" तिच्या नवऱ्याने स्वतःचं ऑपरेशन करून घ्यावं, हा विषय मी एकदा काढला, तर तो ताटावरून उठला. आता बहीण रात्री तिन्ही मुलांना दोघांच्या मधे झोपवते.

दर महिन्याला तिचा फोन येतो. "ताई, आली गं पाळी," म्हणते, आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसतो.

या महिन्यात फोन आलेला नाही. मी तिचा नंबर काढते आणि लावत नाही.