दोन वितींचा बोळ

रविवारी सकाळी नऊला बसले आणि साडेअकराला उठले, तेवढ्यात माझं अख्खं गाव बांधून झालं. त्याआधीचे पाच दिवस मी एकेक ठोकळा ठेवत होते आणि पाच दिवसांत सात घरं झाली होती. सुनावणीला आठ दिवस उरले होते. मला तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचे.

ठोकळ्यांचा तो गेम आम्ही कॉलेजात खेळायचो. माती, दगड, लाकूड, काच, सगळ्याचे चौकोनी ठोकळे. एकावर एक रचायचे आणि वाटेल ते बांधायचं. गावातल्या घरांसाठी लढणाऱ्या समितीच्या बैठकीत मीच बोलून बसले होते की गावाचं मॉडेल मी त्यात करते. थर्माकोलचं नेताना मोडतं. हे लॅपटॉपवर उघडलं की सुनावणी घेणाऱ्या साहेबाला गावातून चालवत नेता येईल.

गाव म्हणजे माझं आजोळ. खारघरच्या टॉवरांना इतकं खेटून आहे की वरच्या बाल्कनीतून उडालेले कपडे आमच्या पत्र्यांवर पडतात आणि वॉचमन ते मागायला येतो. आजोबांच्या पिढीत जमिनी शहरासाठी गेल्या. कुटुंबं वाढली, गावठाणाची रेघ मात्र होती तिथंच राहिली. मग लोकांनी रेघेबाहेर घरं बांधली. नाहीतर कुठं बांधणार होते, आभाळात? आता त्या घरांची यादी होत होती. यादीत नाव आलं तर घर कायम. नाही आलं तर अनधिकृत, आणि अनधिकृत घर कधी पाडतील याचा भरवसा नाही.

माझ्या मामीचं घर यादीत नव्हतं.

चुकलं कसं, तेही सांगते. मामीचं घर आणि शेजारचं माझ्या चुलतमामाचं घर यांच्यामध्ये एक बोळ आहे. माणूस आडवा होऊन जाईल एवढाच. पावसाचं पाणी आत शिरून दोन्हीकडच्या भिंती ओल्या व्हायच्या, म्हणून मामा होता तेव्हा दोघा भावांनी मिळून बोळावर पत्रा टाकला. यादी करणाऱ्या सरकारी कार्यालयाने सर्वेक्षण केलं ते ड्रोन उडवून. वरून एक छप्पर दिसलं. एक छप्पर म्हणजे एक घर, एक घर म्हणजे एक नाव. नाव लागलं चुलतमामाचं. मामी तिथं पंचवीस वर्षं राहते, वीजबिल भरते, आणि कागदावर ती नाहीच.

मी पनवेलच्या एका छापखान्यात डीटीपी करते. समितीची सगळी पत्रकं माझ्याच हातची. त्या महिन्यातल्या पत्रकाचा मथळा मी लिहिला होता: 'वरून बघणाऱ्यांनो, खाली उतरा!' लोकांना आवडला. मलाही आवडला. रिक्षास्टँडवर वाटताना मी तो मोठ्याने वाचून दाखवत होते.

हरकतीच्या अर्जाला आम्ही बोळाचा फोटो जोडला होता. फोटोत नुसता काळोख. कार्यालयाच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "हा बोळ कुठलाही असू शकतो, मॅडम." म्हणून मॉडेल.

पण हाताने बांधणं जीव खातं. गेममध्ये तुम्ही जमिनीवर उभे असता. ठोकळा उचला, ठेवा, मागे सरका, चुकला, फोडा, परत ठेवा. छापखान्यातून रोडपालीला घरी यायचं, जेवायचं ताटही लॅपटॉपशेजारीच. पाय सारखे हलत राहायचे. आई म्हणाली, "टेबल तरी सोड, तेही थरथरतंय." सात घरांनंतर मी तो नाद सोडला आणि एडिटर उतरवून घेतला.

एडिटर म्हणजे वेगळं सॉफ्टवेअर. गेम बंद करायचा आणि त्याच जगाची फाईल यात उघडायची. इथं तुम्ही जमिनीवर नसताच. सगळं खाली पसरलेलं दिसतं, घारीला दिसावं तसं. माऊसने चौकट ओढा, 'भरा' म्हणा, की हजार ठोकळे एका दमात. एक खिडकी केली की कॉपी, पेस्ट, वळवा, पेस्ट. माझं पोटच यावर चालतं, हात आपोआप पळतात. आणि मी आणखी एक शहाणपणा केला. कार्यालयाने भिंतीवर लावलेला नकाशा स्कॅन करून जमिनीवर अंथरला. छपरांच्या रेघा त्यात तयारच होत्या. त्या गिरवल्या, भिंती वर ओढल्या, छपरं टाकली, सगळ्यांना एकच दार आणि दोन खिडक्या चिकटवल्या. आधीची सात घरं मापात बसेनात, तर पुसून टाकली. त्यांचाच नकाशा त्यांच्या तोंडावर मारू, अशा घमेंडीत होते.

त्याच दुपारी देवळाच्या मंडपात दाखवायला नेलं. खिडक्यांना चादरी लावल्या, भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड पाडला. पन्नासेक माणसं. मी गेम उघडला आणि वेशीतून आत चालू लागले.

"हा कुठला गाव?" मागून एक म्हातारा.

"आपलाच की, आजोबा."

"आपला? सरकारी घरांची लॉटरी लागली काय गावाला? समदी घरं एका साच्यातली."

"माझा वरचा माळा कुणी खाल्ला?" दुसरा ओरडला. "भाडेकरू झोपलाय तिथं!"

देऊळ आलं. देवळालाही मी घाईत तेच दार आणि त्याच दोन खिडक्या लावल्या होत्या. बायका हसून हसून वाकल्या. "देवाला पण फ्लॅट दिला पोरीनं!"

मी म्हणाले, हे कच्चं आहे, तपशील नंतर भरणार आहे. आवाज चढला होता माझा. मग मामी पुढून म्हणाली, "आमच्या गल्लीत ने."

नेलं. गल्लीत वळले तेव्हा माझं मलाच दिसलं, पण हात थांबले नाहीत. समोर एक रुंद घर. एक छप्पर. एक दार.

मामी उठून भिंतीजवळ गेली. तिची सावली त्या घरावर पडली. "माझा दरवाजा कुठाय, बाय?"

कुणी हसलं नाही. मग चुलतमामा हसला. वाईट माणूस नाही तो. पण दोन घरांची जागा एका नावावर लागली तर कुणाला नको असते? "काय वहिनी," तो म्हणाला, "आता तर भाचीनं पण एकच घर बांधलंय. तिला काय कार्यालयानं पढवलं?"

मी भाषण सुरू केलं. शासन, सर्वेक्षण, तंत्रज्ञानाचा गैरवापर. दोन वाक्यांत थांबले. कारण ड्रोनने जे केलं होतं तेच मी केलं होतं. त्यांच्या रेघेवर रेघ ओढली होती, वर बसून, अडीच तासांत. तेही मामीचं घर दाखवायच्या नावाखाली. नात्यातली मुलगी, लहानपणी त्या बोळात लपलेली, आणि तो बोळ माझ्या माऊसखालून गेला तेव्हा मला कळलंसुद्धा नाही.

"पत्राच काढून टाका ना," एकजण म्हणाला. "सोप्पं काम."

"आणि उद्या म्हणाले, एक घर फोडून बोळ आता पाडलात, मग?" मामीच म्हणाली. "फोटो कवाच काढून नेलाय त्यांनी."

दुसऱ्या दिवशी छापखान्यात दांडी मारली आणि सकाळीच मामीच्या ओट्यावर जाऊन बसले. मामी कोळंबी सोलत होती.  मी सॉरी म्हटलं नाही, आमच्यात कुणी म्हणत नाही. म्हणाले, "बोळाचं माप घ्यायचंय."

तिने हात धुतले, बोळाच्या तोंडाशी गेली आणि पंजा ताणून भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकला. दोन विती. बरोब्बर.

इथं नवीनच पेच पडला. गेममधला एक ठोकळा म्हणजे एक मीटर धरतात, मीही तसाच धरला होता. दोन विती म्हणजे जेमतेम अर्धा ठोकळा. अर्धी जागा सोडता येत नाही. बोळ सोडला तर तो रस्त्याएवढा होणार, नाही सोडला तर नाहीसाच होणार. मी म्हटलं, "एक पूर्ण ठोकळा सोडते. दिसायला तरी दिसेल."

"खोटं मोठं दावू नको," मामी म्हणाली. "साहेब टेप घेऊन आला मंग? एक खोटं सापडलं की समदंच खोटं."

खरंतर हे मला कळायला हवं होतं. मी चडफडले, उठले, गल्लीत फेऱ्या मारल्या, परत बसले. गावाचं ते मॉडेल बाजूला ठेवलं आणि नवं जग उघडलं. फक्त त्या गल्लीतली चार घरं. एक ठोकळा म्हणजे एक वीत. त्या मापात गेममधला माणूस मांजराएवढा झाला. मामीला तो फार आवडला. "ह्याला बोळातून पळव," म्हणाली.

मोठ्या भिंती मी एडिटरनेच भरल्या. खोटं कशाला बोलू? चोवीस विती लांब भिंत एकेक ठोकळ्याने रचत बसले असते तर सुनावणी उलटून गेली असती. पण रेघा कार्यालयाच्या नव्हत्या. मामी वीत टाकायची, मी आकडा लिहायची, मग चौकट ओढायची. आणि दारं, पायऱ्या, ओटा, बोळ हे गेममध्ये शिरून, खाली उभं राहून. मामीला स्क्रीनवर डावं-उजवं कळायचं नाही. ती उठून खऱ्या दाराशी जायची आणि तिथून ओरडायची, "तिसरी पायरी मोडकी हाय, ती पण मोडकी कर!"

"मोडकी कशाला, मामी?"

"माझी हाय म्हणून."

तीन दिवस गेले. छापखान्याचा मालक फोनवर जे बोलला ते इथं लिहीत नाही. बाकीच्या गावाचं मॉडेल राहून गेलं. समितीतल्यांनी तोंडावर सांगितलं की तू घरच्यांचं काम केलंस. बरोबर होतं त्यांचं.  इतरांचे फोटो आणि कागद आम्ही जोडले, पण चालवत नेण्यासारखी गल्ली एकच होती.

सुनावणीला प्रत्येकाला पाच मिनिटं. मामीचा नंबर दुपारी लागला. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "हा गेम आहे का?"

"हो."

"गेम पुरावा होत नाही."

"माहीत आहे. दोन मिनिटं बघा."

सुरुवात मी वरूनच केली. छप्पर दाखवलं. साहेबांनी फाईलमधला ड्रोनचा फोटो शेजारी धरला. "हेच आहे आमच्याकडे. एक घर."  तिथूनच खाली उतरत गेले, कुठेही न तोडता. छपराच्या कडेवरून, पत्र्याच्या खाली, बोळाच्या तोंडाशी. आत शिरले. दोन्हीकडे भिंती, डोक्यावर पत्रा. पलीकडून बाहेर पडले, वळले, दुसरा ओटा, मोडकी तिसरी पायरी, दुसरा दरवाजा.

साहेब म्हणाले, "परत दाखवा."

परत दाखवलं. मामी माझ्या मागे उभी होती. "साहेब, हे ऱ्हाऊ दे. तुमी येऊन बघा की. पाय मोडका हाय काय तुमचा?"

मी डोळे मिटून घेतले. साहेब मात्र हसले, आणि अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं: स्थळपाहणी करावी.

मोजणीवाला आला तो चौदा दिवसांनी. हे चौदा दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. छापखान्यात एका लग्नपत्रिकेवर दोन वेळा नवरदेवाचं नाव छापलं, नवरीचं गायब. फोन वाजला की हातातलं खाली पडायचं. आला तो माणूस अंगाने आडवा. बोळात शिरताना त्याने पोट आत घेतलं, टेपचं एक टोक मामीच्या हातात दिलं आणि आतून आकडे ओरडत राहिला. बाहेर आला तेव्हा शर्टाला दोन्ही बाजूंनी चुना.

"शेजाऱ्यांचा जबाब लागेल," तो म्हणाला.

चुलतमामा ओट्यावर बसून सगळं बघत होता. सगळी गल्ली त्याच्याकडे बघू लागली. त्याने बराच वेळ तंबाखू मळली. मग म्हणाला, "दोन हायत. आमी काय भाऊ खाणारी माणसं नाय." आणि सही करून आत गेला.

मोजणीवाल्याने यादी उघडली. चुलतमामाचं घर एक्केचाळीस. त्याखाली त्याने बारीक अक्षरात लिहायला घेतलं. "तुमचं एक्केचाळीस अ करतो, मावशी. इथं सही करा."

 मी पेन घेऊन मामीच्या हातात दिलं. तिने ते धरलं आणि तशीच उभी राहिली.

"अ कशाला?"

"मधे घालायचं म्हणजे अ लागतो. पुढचे नंबर देऊन झालेत."

"उद्या भावजींनी घर बिल्डरला दिलं, तर माझा अ त्यांच्या मागं जायचा. मला माझा नंबर द्या."

मी म्हणाले, "मामी, घे ना. अ तर अ. घर तर लागलं यादीत." आत्ता सही होऊन जाऊ दे, हा माणूस निघून जायच्या आत, साहेबाचं मन बदलायच्या आत. मला सगळं आत्ता, लगेच हवं होतं.

मामी माझ्याकडे बघत नव्हती. "शेवटचा नंबर कितीवर हाय?" तिने त्याला विचारलं.

"सत्त्याऐंशी."

"मंग अठ्ठ्याऐंशी द्या."

"अहो मावशी, गल्लीच्या मधोमध अठ्ठ्याऐंशी? पोस्टमन वेडा होईल."

"होऊ दे. तो चालत येतो, त्याला घर सापडेल."

मोजणीवाल्याने उसासा टाकला, 'अ' खोडला, तिथं आद्याक्षरं मारली आणि यादीचं शेवटचं पान उघडलं. अठ्ठ्याऐंशी लिहिलं. मामीने वाकून आकडा वाचला, मग कागद ओट्यावर ठेवून सही केली. एकेक अक्षर सुटं, वडिलांच्या घरी शिकलेलं. मोजणीवाला घड्याळ बघत होता. मी पण बघत होते. अंतिम यादी लागायला अजून तीन महिने होते.