सात अडतीसची गाडी वेळेवर होती

तंजावूर सोडलं तो सोमवार होता आणि गाडी सकाळी आठची. सोमवारी साडेसात ते नऊ राहुकालम्. आपल्या घरातलं कुणी राहुकालात उंबरा ओलांडून परगावी गेलेलं मला तरी आठवत नाही. तेव्हा अक्का, तोड तूच काढलीस. सहाच्या आधीच माझ्या कापडी पिशवीत एक साडी, मूठभर तांदूळ आणि हळकुंड घातलंस आणि समोरच्या मामींच्या घरी नेऊन ठेवलीस. प्रस्थान ठेवलं. म्हणजे आम्ही सहालाच निघालो असं धरायचं, मग पाय कधी का बाहेर पडेनात. आपले अप्पा म्हणायचे ना, राहूला नुसतं डोकं आहे, तो पिशवी बघतो आणि तिच्याच मागं जातो. ऑटोत बसताना मामींनी पिशवी माझ्या हातात दिली. हे मागं वळून घराकडं बघत होते, मी पिशवीकडं.

हे सगळं मी नागरीत लिहितेय, कारण मराठी लिहायची तर याच अक्षरांत असा यांचा हट्ट होता. साठीनंतर शिकले, चुका पोटात घाला. अक्का, तुला ही अक्षरं वाचता येत नाहीत ते ठाऊक आहे. कुणाकडून तरी वाचून घे. तिथली बाकीची माणसं, आणि आमच्यासारखी मुलांच्या मागं परदेशी गेलेली, त्यांनीही ऐकावं. मी तुम्हां सगळ्यांना एक खोटं सांगितलंय, ते परत घ्यायचंय.

मुलाचं गाव डोंगरात आहे. त्याच्या कारखान्याला गाडीरस्त्यानं तासभर लागतो, तो पहाटेच मोटार घेऊन जातो. मग आम्हां दोघांना उरते ती रेल्वे. एकेरी रूळ, नदीच्या काठाकाठानं जाणारा, आणि त्यावर एकच डबा. डिझेलवर चालतो. गार्ड नाही, टीसी नाही, आमच्या ठेसनात मास्तरसुद्धा नाही. दाराशी बटण दाबायचं, दार उघडतं. आत शिरताना आकड्याची चिठ्ठी घ्यायची, उतरताना ड्रायव्हरशेजारच्या पेटीत चिठ्ठी आणि पैसे टाकायचे. सकाळी सात अडतीस, मग एकदम दहा सोळा, मग दुपारचे दोन.

यांना त्या गाडीचं भारी वेड. पांढरे हातमोजे घातलेला ड्रायव्हर सिग्नलकडं बोट दाखवून स्वतःशीच काहीतरी बोलतो, ते बघायला हे पुढच्याच बाकावर बसायचे. म्हणायचे, "बघ, एकटा माणूस, तरी कामात आळस नाही. आपल्या जंक्शनात गाडी येईपर्यंत दोन कप कापी पिऊन होते आणि एखादं लग्न जुळतं." उतरताना हे ड्रायव्हरला वाकून नमस्कार करायचे, तोही टोपीला हात लावायचा. आमच्याच ठेसनात रोज मोरी-सान नावाची एक म्हातारी चढते, माझ्याच वयाची, पाठीत वाकलेली. आमच्यात बोलणं नव्हतं. भाषाच नव्हती. मान हलवायची, हसायचं, झालं.

गेल्या हिवाळ्यात यांची हृदयाची तपासणी होती. शहरातलं इस्पितळ, सोमवार, सकाळी नऊ. म्हणजे सात अडतीसचीच गाडी. सकाळी उठले ते म्हणाले, "छातीवर जरा जड वाटतंय गं. बरं झालं आजच दाखवायचंय." स्वेटर घातला, कानटोपी घातली, बूट घालायला दाराशी बसले. आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडलं. तेच आपलं रोज एक पान फाडायचं कॅलेंडर, तूच पाठवलेलं. सोमवार. राहुकालम् साडेसात ते नऊ.

मी म्हटलं, "थांबा. छातीचं दुखणं घेऊन राहुकालात बाहेर पडायचं नाही. दहा सोळानं जाऊ, मुलगा फोन करून वेळ बदलून घेईल."

हे हसले. "राहूनं पण पासपोर्ट काढला काय?"

"चेष्टा नको. आधी कापी घ्या."

"बरं बाई," म्हणाले. घातलेला एक बूट काढून ठेवला. माझ्याशी हे कधी वाद घालत नव्हते. घातला असता तर.

प्रस्थान ठेवायचं मनात आलं नाही असं नाही. पण ठेवणार कुणाच्या घरी? त्या गावात माझी पिशवी ठेवून घेईल असं एक दार मला माहीत नव्हतं. बाहेर बर्फ पडत होतं. सात अडतीसची गाडी आली, थांबली, गेली. घरात आवाज येतो. यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "मिनिटावर आली."

दहा सोळाच्या गाडीत, तिसऱ्या ठेसनानंतर, यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं झोप लागली. आकड्याची चिठ्ठी बोटांतून खाली पडली ती मी उचलली आणि मग कळलं की हात गार आहे. मी आपल्या भाषेत ओरडले. ड्रायव्हरनं पुढच्या ठेसनात गाडी उभी केली, टोपी काढली, यांच्याशेजारी जमिनीवर गुडघे टेकून छाती दाबत राहिला. ॲम्ब्युलन्स येईतो गाडी तिथंच उभी होती. त्या दिवशी एकच गाडी उशिरा गेली, ती आमच्यामुळं.

इस्पितळात मुलगा धावत आला. त्यानं पहिलं विचारलं, "अम्मा, सकाळच्या गाडीनं का नाही गेलात?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "आलीच नाही रे. बर्फ होतं ना." तेच मग फोनवर तुला सांगितलं, अक्का. तेच सगळ्यांना. इतक्या वेळा सांगितलं की डोळ्यांपुढं रिकामा फलाट दिसायला लागला.

पण घरात बसून तीच सकाळ मनात घोळवण्याशिवाय दुसरं काय करणार. एका सकाळी खिडकीशी बसले होते, सूर्य डोंगराआडून वर यायला सव्वासात झाले. आणि अप्पांचा आवाज कानात आला. तिरुवैयारूला लोक त्यांच्याकडं वेळ विचारायला यायचे तेव्हा ते म्हणायचे, "राहू कागदावर नसतो, उन्हात असतो. सूर्य उगवला तिथून मावळेपर्यंत दिवसाचे आठ वाटे करा, सोमवारचा दुसरा वाटा त्याचा." मी पेन्सिल घेतली. हिवाळ्यातला इथला दिवस केवढासा. उगवतीपासून एक वाटा पुढं मोजला तर साडेआठ होतात. म्हणजे सात अडतीसला राहू या गावात आलाच नव्हता. मी तंजावूरचा राहू इथं आणून यांच्या वाटेत बसवला. जन्मभर अप्पांचं ऐकलेलं, आणि ऐन वेळी कागद बघितला.

तरी मी गप्पच राहिले. मग वसंतात गावच्या हॉलमध्ये सभा झाली. गाडीला माणसं नाहीत, फेऱ्या कमी करायच्या, पुढं कदाचित रूळच बंद, अशी बोलणी. म्हातारी माणसं एकेक करून उठून गाडी ठेवा म्हणत होती. आणि माझा मुलगा उभा राहिला. नात माझ्या कानाशी मराठीत सांगत होती; आजीला ती पाटी म्हणते आणि तिच्या बापाला अप्पा. "पाटी, अप्पा म्हणतात, बर्फ पडलं की न येणारी गाडी काय कामाची. म्हणतात, माझे वडील त्या फलाटावर वाट बघत राहिले." पुढच्या रांगेतल्या मोरी-साननं मान वळवून माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, आणि पुन्हा समोर वळली.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात आली. हातात सुकवलेल्या फळांची पुडी. नात घरी होती म्हणून बोलणं झालं. मोरी-सान म्हणाली, "त्या दिवशी मी दाराचं बटण दाबून धरलं होतं. तुम्ही दोघं घरातून निघाला असाल, बर्फात पाय सावकाश पडत असतील, असं वाटलं. ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं तेव्हा सोडलं."

नातीनं ते मला सांगितलं आणि तिचं तिलाच कळलं काय सांगितलं ते. पोरगी माझ्याकडं बघत राहिली.

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा मी त्याला जेवायच्या आधी सांगितलं. सगळं. कॅलेंडर, बूट, कापी. तो म्हणाला, "मी सगळ्यांसमोर गाडीला शिव्या दिल्या, अम्मा." मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "माझ्या अप्पांना बूट काढायला लावलंस." त्यालाही मी हो म्हटलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलत होता. अजूनही पूर्वीसारखा बोलत नाही, आणि बोलावं असं मी म्हणत नाही. पुढच्या सभेत तो कमरेत वाकून सगळ्यांची माफी मागून आला. त्याच्या शेजारी मीही वाकले. तरी पुढच्या वसंतापासून दहा सोळाची फेरी बंद होणार आहे. आमच्या बोलण्यानं झालं असं कुणी म्हणत नाही. नव्हतं झालं असंही कुणी म्हणत नाही.

आता अक्का, पुढच्या महिन्यात मी यांच्या अस्थी घेऊन येतेय. तिरुवैयारूला कावेरीत सोडायच्या. तुम्ही म्हणता, आता तंजावूरलाच राहा, एकटी परदेशात काय करशील. बरोबर आहे. कावेरी तिकडं आहे, माझी माणसं तिकडं आहेत, बोलायला तोंड उघडलं की समोरच्याला कळतं. पण या गाडीत पुढच्या बाकावर यांची जागा आहे. दर सोमवारी मी सात अडतीसनं जाते, त्या बाकावर बसते, उतरताना ड्रायव्हरला नमस्कार करते. मोरी-सान शेजारी बसते. तिला आता "पोर" आणि "कापी" हे दोन शब्द येतात.

निघायचा दिवस सोमवारच आला आहे, पुन्हा हिवाळ्यातला, आणि गाडी सात अडतीसचीच. ड्रायव्हर आणि सूर्य दोघं आपापल्या वेळेवर येतील, मी हिशेब केलाय, राहू त्यानंतर आहे. तरी आदल्या दिवशी कापडी पिशवीत एक साडी, तांदूळ आणि हळकुंड घालून मी मोरी-सानच्या घरी ठेवून येणार आहे. नातीनं तिला प्रस्थान समजावून सांगितलं. तिनं लगेच कपाटातली एक फळी रिकामी करून दाखवली.

समोरच्या मामींचं घर विकलं गेलं असं तू कळवलंस. तेव्हा एवढं कर अक्का, मी तिथून परत निघेन त्या दिवशी माझी पिशवी कुणाच्या घरी ठेवायची, ते आत्ताच विचारून ठेव.