राणीच्या बाळांची संगमरवरी पावलं

मंडळी, आत्ताच लंडनजवळ पिनरला घरी पोचलेय आणि काही केल्या डोळ्यातलं पाणी थांबत नाहीये.

पुण्याहून आलेल्या आईला आज फेरीबोटीने बेटावरचा राणीचा जुना राजवाडा दाखवायला नेलं होतं. तीच राणी, जिचं आपल्यावर राज्य होतं. तिने आपल्या तान्ह्या बाळांचे हातपाय संगमरवरात घडवून घेतले होते. ते अजून काचेखाली जपून ठेवलेत. ती इवलीशी पावलं दिसताच आईने चटकन हात जोडले. तिला त्या पादुकाच वाटल्या.

"गेलेली बाळं ना गं ही?" तिने हळूच विचारलं.

"अगं नाही आई, नऊच्या नऊ मोठी झाली. आठवण म्हणून करून घेतलंय."

आईचे हात तसेच जोडलेले राहिले.

"माझ्या आजीची तान्ही मुलगी," ती म्हणाली, "प्लेगात घर तपासायला आलेल्या गोऱ्या सोजिरांनी छावणीत नेली. ती परत आलीच नाही. बारसंही व्हायचं होतं, त्यामुळे तिला नावसुद्धा नाही."



राणीच्या बाळांची पावलं बघायला तिकीट काढून गेले मी! आता सांगा, त्या मुलीसाठी हात जोडायला आईला कुठे नेऊ?